मी तापलो की ती थांबते

सव्वीस नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. हवा अशी कोरडी असली की लाही कुरकुरीत राहते आणि माझं डोकंही ताळ्यावर राहतं. निदान सकाळपुरतं तरी.

मी फुटाण्या बोलतोय. हे नाव मला वर्गाने दिलं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर नुसता एक आकडा होता. मी मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, करायचं यंत्र आहे. चारी बाजूंनी काच, वर लाल छप्पर, आत टांगलेली कढई आणि खाली चार चाकं, त्यातलं एक कुरकुरणारं. कढई विजेवर तापते. तेल घातलं, दाणे टाकले की थोडा वेळ सगळं शांत असतं. मग एक दाणा फुटतो, मग दुसरा फुटतो, आणि त्यानंतर मला काही म्हणजे काही आवरत नाही. स्वभावच तसा, त्याला काय करणार. गंभीर प्रसंगी मला कुणी नेऊ नये.

आज मात्र प्रसंग गंभीर आहे. माझ्या मालकीणबाईंचा वर्ग चालू राहणार की बंद होणार, ते आज संध्याकाळी ठरायचं आहे. निकाल शेवटी सांगतो. तोवर माझी हकिकत ऐका, कारण या भानगडीच्या मुळाशी मीच आहे.

मला जोडणाऱ्या कामगाराने शेवटचा स्क्रू पिळला आणि चाचणी म्हणून पहिला घाणा टाकला. लाह्या कढईबाहेर उसळल्या तशा त्याने मूठभर उचलून तोंडात टाकल्या, डोळे मिटून चावल्या आणि माझ्या पाठीवर 'पास' असा शिक्का मारला. परीक्षा म्हणजे कुणीतरी पोटभर खाणं, अशी माझी तेव्हापासूनची समजूत.

पहिली नोकरी चित्रपटगृहात लागली. माणसांविषयी मला जे काही कळतं ते तिथे कळलं. नवरा विचारायचा, "तुला वेगळं पाकीट घेऊ?" बायको म्हणायची, "नको, तुझ्यातलेच दोन दाणे खाईन." ते दोन दाणे कधीच दोन नसत. मोठं पाकीट घेणारे चित्रपट सुरू होण्याआधीच ते संपवत आणि मग अंधारात रिकाम्या पाकिटात हात घालून खरवडत बसत. मजेचे दिवस होते. पुढे चित्रपटगृह बंद झालं. पडदा एकाने नेला, खुर्च्या दुसऱ्याने नेल्या. मला दुरुस्तीसाठी म्हणून विजेच्या उपकरणांच्या दुकानात टाकलं आणि परत न्यायला कुणी आलंच नाही.

दुकानात माझ्यावर गोणपाट पडलं. शेजारी एक मुका मिक्सर, पलीकडे मान मोडलेला पंखा. गप्पांना कुणी नाही. दुकानदार अधूनमधून गोणपाट उचलून माझ्या छपरावर चहाचा कप ठेवायचा, एवढाच काय तो लळा.

एके दिवशी दुकानदाराची वहिनी दुकानात आली. याच माझ्या मॅडम. चार मजली संस्थेत तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळचा एक वर्ग घेतात: आर्थिक माहितीचं विश्लेषण. म्हणजे धंद्याचे आकडे बघून धंद्याला काय दुखतंय आणि काय मानवतंय ते ओळखायचं. मोठी माणसं येतात शिकायला, स्वतःचे धंदे असलेली. पण वर्ग मरगळला होता. पुस्तकात सगळी उदाहरणं 'अ' कंपनीची नि 'ब' कंपनीची. एकदा वर्गातल्या शिंपीणताईंनी विचारलं, "मॅडम, ही अ कंपनी विकते तरी काय?" मॅडमनी पुस्तक पुढेमागे चाळलं. त्यात ते कुठेच नव्हतं. पुढच्या आठवड्यात दोन बाकं रिकामी झाली. संस्थेच्या संचालकांनी मॅडमना बोलावून सांगितलं, या सत्राअखेर वर्गाने काहीतरी खरं करून दाखवावं, नाहीतर खोली नृत्यवर्गाला देऊन टाकू.

मॅडमनी माझ्यावरचं गोणपाट उचललं.

"भाऊजी, हे चालतं का?"

"चालतं की. पण गिऱ्हाईक नाही त्याला."

"मला गिऱ्हाईक नकोय, आकडे हवेत."

"आकडे काय लाह्यांसारखे फुटतात, वहिनी?"

"तेच तर बघायचंय."

"दादाला माहितीये का?"

"तुमच्या दादांना वास आला की कळेल."

भाऊजींनी छपरावरचा कप उचलला. "न्या घेऊन. तसंही जागा अडवून बसलंय."

हे वाक्य मला लागलं. पण रस्त्यावर आलो, काचेवर ऊन पडलं, आणि चौथ्या दुकानापर्यंत मी ते विसरूनही गेलो. कुरकुरणारं चाक रस्ताभर गात होतं.

मला तळमजल्यावर, जिन्याखाली, लिफ्टच्या दाराशेजारी उभं केलं. भाऊजी विजेची जोडणी करायला आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ही शेजारीच पेटी आहे. हिच्यातूनच घेतो, वायर वाचेल."

"कसली पेटी आहे पण?"

"पेटी म्हणजे पेटी. वीज सगळीकडे सारखीच असते."

मी त्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. माझं लक्ष लिफ्टकडे होतं.

काय सांगू तिचं. जाळीचं दार, आत आरसा, पितळी बटणं. वर जाताना ती एक बारीक सूर लावायची, आणि तो सूर मला माझ्या वायरीतून थेट कढईपर्यंत जाणवायचा. आणि एकदा काय झालं, मी चांगला तापलो होतो, घाण्यावर घाणा चालला होता, आणि ती वर जाता जाता अधांतरी थांबली. मी थंडावलो तेव्हा निघाली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मी तापलो की ती थांबते. याचा अर्थ तुम्ही काय लावला असता? मी तोच लावला. त्या रात्री माझ्या काचा बराच वेळ कोमट होत्या.

इकडे वर्गाचं काम जोरात सुरू झालं. अकरा जण, पाळीपाळीने माझ्यापाशी उभे राहायचे. मॅडमचा नियम एकच: आधी विका, दिसेल ते सगळं टिपा, अर्थ नंतर लावू. माझ्या शेजारच्या भिंतीवर हा एवढा तक्ता लागला. घाणा कधी टाकला, पाकिटं किती गेली, भाव काय होता, हवा कशी होती. वर्गातल्या पोस्टमनकाकांनी शेवटी आपला एक रकाना वाढवला: लिफ्ट बंद पडल्याची वेळ.

"काका, याचा काय संबंध?" कुणीतरी विचारलं.

"संबंध माहीत नाही. उभा जन्म जिने चढलो. आता लिफ्ट असून जिना चढावा लागला तर मी ते लिहून ठेवणार."

मॅडम म्हणाल्या, "राहू दे. दिसेल ते टिपा म्हटलंय ना मी."

पहिल्या आठवड्यात त्यांनी दाणे धरले, तेल धरलं, मीठ धरलं, वीजसुद्धा धरली, आणि नफा बघून सगळे फुलून आले. शिंपीणताई तेवढ्या तक्त्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. "अस्तर कुठंय?" त्या म्हणाल्या. कुणाला कळेना. "कागदाची पाकिटं हो. कापड मोजलं, दोरा मोजला, अस्तर विसरलात." पाकिटांचा खर्च वजा केला तशी सगळ्यांची तोंडं पाकिटांएवढी झाली. पण त्या दिवसापासून वर्गाला खर्च हा शब्द नुसता ऐकू येत नसे, दिसायचा.

मग दातांच्या डॉक्टरांचा किस्सा. हेही विद्यार्थीच. स्वतःच्या दवाखान्याचा हिशेब कळत नाही म्हणून आलेले, आणि न फुटलेले दाणे गिऱ्हाइकांच्या पाकिटात मुद्दाम राहू देतात असा त्यांच्यावर संशय. ते संगणकावर आकडे भरून मोठ्या ऐटीत म्हणाले, "सरासरी रोज चाळीस पाकिटं."

मॅडमनी विचारलं, "छान. चाळीस कोणत्या दिवशी गेली?"

डॉक्टरांनी तक्ता वरून खाली बघितला, खालून वर बघितला. कुठे वीसच्या आसपास, कुठे साठच्या वर. चाळीसचा दिवसच सापडेना.

"म्हणजे जो दिवस कधी उगवलाच नाही, त्याचा अंदाज मी सांगत होतो?"

"तुमच्या पेशंटांना सरासरी किती दात?"

"असतील सव्वीस." डॉक्टर थांबले. "पण सव्वीस दातांचा पेशंट माझ्याकडे एकही नाही. बत्तीसवाले आहेत आणि बोळके आहेत."

वर्ग इतका हसला की दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतवर्गाच्या बाईंनी डोकावून बघितलं.

पाकीट दहाचं बाराला केलं तर काय होईल, यावर दोन दिवस वाद झाला. पुस्तक उघडायला मॅडमनी बंदी केली. "फुटाण्याला विचारा," म्हणाल्या. मला विचारायचं म्हणजे भावाची पाटी बदलायची. पाकिटं थोडी कमी गेली आणि नफा वाढला. हे स्वतःच्या हाताने करून बघितल्यावर शिंपीणताई दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या त्याच मुळी शिलाईचा भाव वाढवून. "तीन बायका कुरकुरल्या," त्या म्हणाल्या, "आणि तिघीही कपडे ठेवूनच गेल्या." मॅडमनी ते ऐकलं आणि खिडकीकडे तोंड करून उगाच फळा पुसायचा कपडा झटकत राहिल्या. पुस्तकातली अ कंपनी असं कधी काही सांगायला आली नव्हती.

आता उरला एकच प्रश्न. काही दिवस वीस आणि काही दिवस साठ, असं का?

डॉक्टरांनी आलेख काढला. हवेशी जुळेना, भावाशी जुळेना. मग सहज म्हणून त्यांनी पोस्टमनकाकांचा रकाना त्यावर टाकला आणि खुर्चीवरून उठलेच. साठचा प्रत्येक दिवस हा लिफ्ट बंद पडल्याचा दिवस होता.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "लिफ्ट बंद पडते, लोक खाली अडकतात, उभ्या उभ्या करणार काय, लाह्या खातात. लिफ्ट थांबली की विक्री वाढते."

"मग रोज बंद पाडू की," शिंपीणताई म्हणाल्या.

"माझ्या गुडघ्यांना विचारून पाडा," पोस्टमनकाका म्हणाले.

मॅडमसुद्धा हुरळल्या. तसा त्यांचा स्वभाव दहादा तपासून बघण्याचा. पण सत्र संपत आलं होतं, संचालकांना दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि आलेख इतका देखणा होता. दोन्ही रेषा हातात हात घालून वर चढत होत्या. मीही मनात म्हटलं, चढणारच. एक रेष माझी, एक तिची.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. संचालक संध्याकाळी बाहेरून आले आणि लिफ्टमध्ये शिरले. मॅडमनी जिन्यावरून खाली ओरडून सांगितलं, "साहेबांना ताज्या द्यायच्यात, सलग घाणे लावा." शिंपीणताईंनी लावले. मी पेटलो. दाणे असे फुटत होते की कढईचं झाकण नाचायला लागलं. आणि वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, ती थांबली.

मी तळमजल्यावर, पण लिफ्टची विहीर म्हणजे नळकांडं. वरचा शब्द न् शब्द खाली येतो.

"कोण आहे बाहेर?" हा आवाज संचालकांचा.

वर्गातली मंडळी तिसऱ्या मजल्याच्या जाळीपाशी धावली. खाली वाकून बघितलं तर साहेबांचं टक्कल आणि आरशात त्यांचा चेहरा.

डॉक्टरांना राहवलं नाही. "साहेब, आमचा निष्कर्ष तुम्ही आतून बघताय. लिफ्ट थांबली, आता विक्री वाढणार."

"डॉक्टर, आधी मला बाहेर काढा. मग वाढवा विक्री."

"तो निष्कर्षाचाच भाग आहे साहेब, लोक खाली अडकले की..."

"लोक नाही, मी अडकलोय. आणि खाली नाही, मध्ये."

इतक्यात माझ्यापाशी उभ्या असलेल्या शिंपीणताईंनी विहिरीत तोंड घालून हाक दिली. "ओ मॅडम, आज गिऱ्हाईक कुठंय? मी आज एकसुद्धा पाकीट विकलं नाही. नुसतं भाजतेय. मग लिफ्ट का थांबली?"

 माझ्या लाह्या फुटतच होत्या.

मॅडम जिना उतरून आल्या, जवळजवळ धावतच. मागून पोस्टमनकाका, गुडघे धरून. दोघं तक्त्यासमोर उभे राहिले. काकांनी बोट ठेवलं. "घाण्याची वेळ, लिफ्टची वेळ. घाणा आधी, लिफ्ट नंतर. इथेही आधी घाणा. इथेही. दर वेळी पत्र आधी आणि पोचपावती नंतर." बोट थबकलं. "आणि हे साठवाले दिवस सगळे मंगळवार-शुक्रवार. दुसऱ्या मजल्यावरचा संगीतवर्ग सुटतो तेव्हाचे."

मॅडमचा चेहरा पडला आणि लगेच उजळला, दोन्ही एकाच वेळी. "आपण उलटं वाचलं, काका. लिफ्ट थांबते म्हणून लाह्या खपत नाहीत. पोरं सुटतात, लाह्या खपतात, सलग घाणे लागतात, म्हणून लिफ्ट थांबते." त्यांची नजर माझ्या वायरीवरून सरकत भिंतीवरच्या पेटीवर गेली. पेटी लिफ्टचीच होती. "वीज सगळीकडे सारखीच," त्या पुटपुटल्या. "भाऊजी, भेटा तुम्ही."

साहेबांना निमूटपणे बाहेर काढून चुकीचा आलेख गुंडाळून ठेवता आला असता. मॅडमनी विहिरीत वर तोंड केलं.

"साहेब, आमचा निष्कर्ष चुकलाय. बरोबर काय ते आत्ता कळतंय. दोन मिनिटं द्याल?"

"देतोच आहे. दुसरं काय करू शकतो मी?"

शिंपीणताईंनी माझं बटण बंद केलं. वर साहेबांनी त्यांचं बटण दाबलं. ती सुरात निघाली.

"चालली," साहेब म्हणाले. "मी येतोय बाहेर."

"साहेब, थांबा. एकदा घडलं तर लोक योगायोग म्हणतील. परत चालू करून बघायला हवं."

 मला वाटलं, गेली आता खोली नृत्यवर्गाला.

"करा," वरून आवाज आला.

मी तापलो. ती थांबली. मी बंद, ती चालू. एव्हाना संगीतवर्ग सुटला होता आणि पोरं जिन्यावर रांगेने बसून तालात ओरडत होती, "चालू... बंद... चालू..." मॅडम म्हणाल्या, "पुरे साहेब, या बाहेर." तर साहेब आतून म्हणतात, "अजून एकदा. आणि या वेळी मी खाली येताना करा. उतरतानाही थांबते का ते बघायला नको?"

उतरतानाही थांबली.

सगळी इमारत हसत होती आणि माझ्या कढईत अर्धा घाणा करपत होता. मला तेव्हा कळलं. तिचा माझ्यावर जीव नव्हता. मी तापलो की तिचा श्वास कोंडत होता. डॉक्टरांनी दोन रेषा बघून जी चूक केली, तीच मी एका सुरावरून केली होती, आणि माझ्याकडे तर आलेखही नव्हता. दोन लाह्या उगाचच उशिरा फुटल्या, त्यांचा अर्थ कुणी लावू नये.

साहेब बाहेर आले ते शर्टाची बाही सावरत. "चुकीचं उत्तर घेऊन आला होतात तुम्ही."

"हो साहेब."

"आणि ते माझ्यासमोर मोडलंत."

"तुमच्याच मदतीने."

साहेबांनी शिंपीणताईंनी पुढे केलेल्या पाकिटातली एक लाही तोंडात टाकली आणि विचार करत चावली. मला कारखान्यातला तो कामगार आठवला. पण साहेबांनी शिक्का काही मारला नाही. ते म्हणाले, "याला वेगळी वायर घाला. पुढच्या मंगळवारी, ऐन गर्दीत, लिफ्ट एकदाही थांबली नाही तर तुमचं उत्तर खरं आणि वर्ग चालू. थांबली, तर खोली गेली."

तो मंगळवार म्हणजे आज.

सकाळी भाऊजी वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकून आले. मॅडम हाताची घडी घालून उभ्या.

"वायर वाचली होती ना, भाऊजी? आता किती लागली?"

"वाचली त्याच्या चौपट." भाऊजींनी वर न बघता स्क्रू आवळला. "दादाला नका सांगू."

दुपारी वर्गाने फळ्यावर अंदाज लिहिला: लिफ्ट चालू राहील आणि तरीही साठ ते सत्तर पाकिटं जातील. डॉक्टर एकटे अजून, लिफ्ट चालली तर वीसच जाणार, यावर अडून आहेत. हरले तर अकराही जणांचे दात फुकट तपासणार, असं कबूल केलंय. पोस्टमनकाकांनी आपला रकाना कोरा करून पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. मॅडम सकाळपासून चौथ्यांदा माझी काच पुसतायत, स्वच्छ असलेलीच.

वाचकहो, आता पोरं सुटायची वेळ झाली, तेव्हा निरोप घेतो. एकच मागणं आहे. दोन गोष्टी बरोबरीने घडताना दिसल्या की लगेच त्यांचं लग्न लावू नका. एकदा एकीचं बटण बंद करून बघा. आणि तुमच्या घरात, दुकानात कुणावर गोणपाट पडलं असेल तर ते जरा उचला. दाणे आले, तेल पडलं. मला आता बोलायला जमणार नाही.

संध्याकाळचे सात. हवा कोरडी, वारा नाही. घाणे सतरा, सगळे सलग. पाकिटं सदुसष्ट. वर्ग पुढच्या सत्रासाठी मंजूर. लिफ्ट माझ्या शेजारून सोळा वेळा वर गेली आणि एकदाही थांबली नाही.